मदत हवी आहे : गावच्या जवानाच्या अखेरच्या आगमनाची तयारी

सर्वांना नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या लहानशा गावातील एका जवानाचे पार्थिव परवा सकाळी गावी येत आहे. जबाबदारी ग्रामस्थांनी आम्हा चार जणांवर सोपवली आहे आणि तिच्यात काही उणे राहू नये, एवढीच तळमळ आहे.

शवपेटीवरील तिरंग्याची केशरी बाजू डोक्याकडे असते आणि ध्वज सरणावर जाऊ द्यायचा नसतो, हे भारतीय ध्वजसंहिता, २००२ मध्ये स्पष्ट आहे. मानवंदनेचे सारे लष्कराचे पथक पाहील. आमची खरी अडचण घरापाशी आहे. गल्ली इतकी अरुंद आहे की लष्कराचे वाहन वेशीपाशीच थांबेल, आणि वीरमातेला तर आपला मुलगा उंबऱ्याच्या आत यावा, निदान काही क्षण गर्दीवाचून त्याच्यापाशी बसता यावे, असे वाटते. माझ्या मते बाकीच्या सगळ्या कार्यक्रमापेक्षा हे महत्त्वाचे आहे. यासाठी पथकप्रमुखांशी आधी कोणी बोलावे : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने, तहसीलदारांनी की कुटुंबीयांनी?

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नल संतोष महाडिक यांना पोगरवाडीत निरोप दिला, तेव्हा लोटलेली गर्दी अनेकांना आठवत असेल. तेथे किंवा अन्यत्र व्यवस्था पाहिलेल्यांनी, आणि विशेषतः माजी सैनिकांनी, कृपया सांगावे की घरातील अंत्यदर्शन आणि शाळेच्या पटांगणावरील सार्वजनिक दर्शन यांची वेळ कशी विभागली, आणि घरातले मोबाइल चित्रीकरण कोणाला न दुखावता कसे थांबवले. उत्तर उद्या दुपारपर्यंत मिळाल्यास फार उपकार होतील.