देवकुंड एका दिवसात, दोन बाईक: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-203: नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी देवकुंड धबधब्याचा बेत आहे. चौघं, दोन बाईक. एक 350 सीसी, एक 125. पुण्याहून एका दिवसात होईल ना, की आदल्या रात्री पायथ्याच्या भिरा गावात राहायचं?

ए-101: होतं आरामात. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरायचा, विळ्याला उजवीकडे वळून पाटणूसवरून भिरा. साधारण 90 किमी. पण किलोमीटर मोजू नका, तास मोजा. भिऱ्यापासून धबधबा जंगलातून सहाएक किमी आत आहे. जायला दोन तास, यायला दोन. साडेपाचला गाडीला किक बसली पाहिजे. साडेआठला भिरा, नऊला चालायला सुरुवात, अकराला कुंड. साडेबाराला पाठ फिरवायची म्हणजे फिरवायची, कुंडापर्यंत पोहोचला नसाल तरी.

डी-402: पोहोचलो नाही तरी? एवढं लांब जाऊन?

ए-101: हो. उशीर झाला की तो परतीच्या घाटात भरून काढायचा मोह होतो. तीन-चार तास रायडिंग आणि चार तास चाल झालेल्या माणसाने अंधारात ताम्हिणी चढू नये. नोव्हेंबरात सहाला सूर्य जातो. पाचच्या आत घाटमाथा गाठा.

डी-402: मग जुलैत का नाही जात? तेव्हा दिवस मोठा, पाणीपण भरपूर.

ए-101: तेव्हा जायचं नाही, दादा. पावसाळ्यात प्रशासन तिथे बंदीचा आदेश काढतं आणि तो उगाच नाही. कुंडात पडणारं पाणी वर ताम्हिणीच्या पठारावरून, प्लस व्हॅलीकडून येतं. वर पाऊस कोसळत असतो आणि खाली भिऱ्यात ऊन असतं. वाटेत ओढे ओलांडावे लागतात. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो, मग पलीकडचे पलीकडेच. ताम्हिणीत 25 जुलै 2024 ला संपलेल्या 24 तासांत 556 मिमी पाऊस झाला होता. त्या पाण्याला वाट एकच.
ऑक्टोबरातही परतीचा पाऊस सांगून येत नाही. आदल्या दिवशी माणगाव पोलीस ठाण्यात फोन करून आदेश चालू आहे का ते विचारायचं. रील बघून ठरवायचं नाही.

बी-504: आता गाड्यांचं. 125 वर दोघं बसणार असतील तर मागच्या टायरची हवा डबलसीटची हवी. आकडा चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) छापलेला असतो. सिंगलच्या हवेवर दोघं बसले की टायर वळणावर लोळतो आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. गाडी चालवून तापलेल्या टायरमध्ये आकडा फुगून दिसतो.

बी-504: चेन: खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली हलवून बघा. बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिमी खेळ लागतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. जास्त ताणू नका. माणसं बसली की सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणली जाते, मग बेअरिंग ओरडतं. चेनचं ल्यूब (वंगण) शनिवारी रात्रीच मारा. सकाळी मारून लगेच निघालात तर अर्धं रिमवर उडतं.

सी-203: ताई, 350 स्पोकची आहे. ट्यूबवाली.

बी-504: मग स्ट्रिपवालं (भोकात रबरी पट्टी ठासायचं) पंक्चर किट तिला उपयोगाचं नाही, ते ट्यूबलेसलाच. ट्यूबवालीसाठी पुढची-मागची अशा दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, अॅक्सलच्या मापाचा पाना आणि पंप. रस्त्याकडेला चाक काढता येत नसेल तरी ट्यूब जवळ ठेवा. पंक्चरवाला गावात सापडतो, तुमच्या मापाची ट्यूब सापडत नाही.
क्लच केबल जुनी असेल तर नवी केबल जुनीच्या बाजूनेच झिपटायने बांधून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची. दोन फ्यूज, चिकटपट्टी, हेडटॉर्च. बस्स. आख्खं गॅरेज नेऊ नका.

ए-602: माझ्या मुलाकडे स्कूटर आहे, तो येऊ का विचारतोय.

बी-504: स्कूटरला इंजिन ब्रेकिंग नावापुरतंच. उतारावर सगळा भार ब्रेकवर, आणि ड्रम ब्रेक तापला की दाबूनही लागत नाही. त्यापेक्षा कुणाच्या तरी मागे बसू दे. गिअरवाल्यांनीही ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसरा किंवा तिसरा. न्यूट्रल अजिबात नाही. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वळणाआधी दाबा, वळणात सोडा.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता, संध्याकाळी पूर्वेला येता. दोन्ही वेळा ऊन तुमच्या पाठीवर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. तुम्हाला रस्ता छान दिसतो, पण एसटीच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. ओव्हरटेकला येणारी गाडी तुम्हाला बघून थांबेल असं धरू नका.

सी-203: पेट्रोल?

बी-504: जाऊन-येऊन 180. एकाने 35 चं अॅव्हरेज दिलं तरी पाच-सव्वापाच लिटर. पिरंगुट-पौडला टाकी फुल करा, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. घाटात रेंजही जाते, नकाशा आधीच डाउनलोड करा.

ए-602: बॅगा पाठीवर की सीटवर?

बी-504: मागे बसणाऱ्याच्या पाठीवर 25-30 लिटरची एकच, छातीचा पट्टा लावून. चालवणाऱ्याची पाठ मोकळी. बंजीने (हुकवाली इलॅस्टिक दोरी) बांधणार असाल तर मोकळं टोक राहू देऊ नका, चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी जाम.

ए-101: बॅगेत माणशी दोन ते तीन लिटर पाणी, ओआरएस, सुके मोजे. रायडिंग बूट घालून सहा किमी पायी जाववत नाही, ट्रेकचे बूट बॅगेत घ्या. ओढ्यातल्या दगडांवर शेवाळ असतं, फ्लोटर्सची जिरते तिथे.
भिऱ्यात पोहोचल्या पोहोचल्या जेवण सांगून ठेवा. पिठलं-भाकरी सांगितली की परत येईपर्यंत तयार असते. गाडी गावातच कुणाच्या तरी अंगणात पैसे देऊन लावा आणि साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, ओल्या मातीत स्टँड रुततो. वाटाड्या स्थानिकच घ्या. सुरुवातीची वाट धरणाच्या पाण्याकडेने सरळ आहे, जंगलात शिरल्यावर मात्र ढोरवाटा फुटतात.

डी-402: ते धरण टाटांचं ना?

ए-101: हो. वरच्या मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, 1927 पासून. तेच पुढे कुंडलिकेत सोडतात, म्हणून कोलाडला राफ्टिंग चालतं. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो याच मुळशी धरणाविरुद्ध.

ए-602: आणि कुंडात पोहायचं नाही, बरं का मुलांनो. 🙏

ए-101: ताई बरोबर. काठ उथळ वाटतो आणि एकदम खोल जातो, पाणीही गार. चालून तापलेलं अंग त्यात टाकलं की श्वास अडकतो, पोहता येणाऱ्याचाही. दोरी लावली असेल तर अलीकडेच.

सी-203: मार्चमध्ये गेलं तर गर्दी कमी असेल का?

ए-101: गर्दी कमी आणि पाणीही कमी. भिऱ्याला 28 मार्च 2017 ला पारा 46.5 वर गेल्याची नोंद आहे. नोव्हेंबरच ठीक.

बी-504: 203, ट्यूबचं माप टायरच्या बाजूवर छापलंय, फोटो इथे टाक. पंप माझ्याकडे आहे, शनिवारी आठच्या आधी घेऊन जा.