मुलीसोबत कार्प पकडताना: आधी पाणी तापू द्या

मुलीला घेऊन वसंतात कार्प हा गोड्या पाण्यातला मासा पकडायला गेलात, सकाळभर गळाला काही लागलं नाही आणि ती कंटाळली, असं तुम्ही लिहिलंय. पहाटेची घाई सोडा. पाणी साधारण १० अंशांच्या खाली असेल तर कार्प फारसा खातच नाही. दुपारी ऊन लागलेल्या उथळ कडेला बसा, तिथलं पाणी आधी तापतं. आमिष थोडंच, मक्याचे एक-दोन दाणे पुरेत. आणि फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीला लावलेला पाण्यावर तरंगणारा छोटा तुकडा, लावाच, मुलांना बघायला काहीतरी हवं! आधी तो नुसता थरथरतो, कार्प दाणा चाचपत असतो. सरळ बुडाला की मगच ओढायचं. मासा धरण्याआधी हात ओले करा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. त्याच्या तोंडाजवळच्या चार मिश्या तिला नक्की दाखवा.