बाळाला जन्मताना इजा झाली, तर ग्राहक आयोगात जावं का?

सासवडकर (धागाकर्ता):
बहिणीचं पहिलं बाळंतपण. बाळ अडलं, व्हॅक्यूम लावला (डोक्याला कप लावून ओढून काढलं), बाहेर आल्यावर ते रडलंच नाही. आता दीड वर्षाचं झालंय, अजून मान धरत नाही. एमआरआय बघून न्यूरोच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय की जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. घरात दोन तट आहेत. बाबा म्हणतात, डॉक्टरांशी वैर कशाला, नशिबात होतं ते झालं. माझं मत: पोलीस केस नको, पण ग्राहक आयोगात जावंच. फाईल मागून आणली आहे. बाळाच्या ठोक्यांची नोंद रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासाला 140, 140, 140. एकच पेन, एकच अक्षर. कळांनी बाई घायकुतीला आलेली आणि पोटातल्या बाळाचा ठोका एकानेही इकडेतिकडे नाही? कोणी तपासलं, कधी तपासलं, एवढं तरी सांगावं लागेल.

तालुक्यातला गायनॅक:
बाळाबद्दल वाईट वाटलं, पण असहमत. सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) बहुतेक कारणं कळा सुरू होण्याआधीचीच असतात: कमी दिवसांचं बाळ, पोटातलं इन्फेक्शन, मेंदूची घडण. नोंदी एकसारख्या आहेत हे चूकच. पण रात्री एक सिस्टर आणि तीन बायका असल्या की कागद सकाळी भरले जातात. याला आळस म्हणा. त्यानेच इजा झाली हे कसं ठरवलंत? शिवाय अशा नोटिसांमुळे काय होतं ते आमच्या भागात बघतोय. जरा शंका आली की सिझर, नाहीतर 'पुण्याला न्या'. मग ती बाई घाटात अडली तर दावा कोणावर लावणार?

काळा कोट:
डॉक्टर, 'कागद सकाळी भरले जातात' हे आयोगापुढे शपथेवर सांगाल का? तिथे नोंद नाही म्हणजे तपासणी नाही, असाच अर्थ निघण्याचा धोका असतो.

धागाकर्ते, मुदत दोन वर्षांची आहे, तुमच्या हातात सहाच महिने उरलेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. कोणता आयोग हे भरलेल्या बिलावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. बिल 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. खरा खर्च दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मिळवण्यात होतो. फौजदारीचा नाद नको हे बरोबर. सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी करायची तर घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. आणि मूल स्वतःही ग्राहक आहे, आईबाप वेगळे. दोघांची भरपाई वेगळी मागता येते. हे सुप्रीम कोर्टाच्या 1998 च्या स्प्रिंग मेडोज निकालात आलंय.

उषा_रत्नागिरी:
आणि सरकारी दवाखान्यात, जिथे सगळ्यांनाच फुकट, तिथे? सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या शांता निकालाने त्यांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलंय ना? गरिबाच्या बाळाचा मेंदू स्वस्त का?

काळा कोट:
ताई, दिवाणी दावा आणि हायकोर्टाची वाट उघडी आहे. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयातल्या कमी दिवसांच्या मुलीची डोळ्यांची तपासणीच झाली नाही, दृष्टी गेली. सुप्रीम कोर्टाने जवळपास 1.8 कोटी द्यायला लावले.

तालुक्यातला गायनॅक:
ती जन्मताना झालेली इजा नव्हे, नंतरचा हलगर्जीपणा होता. आणि तारखा सांगा की वकीलसाहेब: जन्म 1996, निकाल 2015! फिजिओथेरपी पहिल्या वर्षात लागते, अठराव्या वर्षी नाही.

सासवडकर:
डॉक्टर, हा मुद्दा मान्य. पण कारण ठरवायचं तर कागद लागतात, आणि ते तुमच्याकडेच असतात. बाळ खाली सरकायला लागल्यावर दर पाच मिनिटांनी ठोके बघायचे असतात ना? फाईलमध्ये त्या वेळची एकही ओळ नाही. तेवढं तरी लिहायला काय हरकत होती?

ओसाकाकर:
जपानमध्ये 2009 पासून वेगळी सोय आहे. डिलिव्हरीशी संबंधित गंभीर सेरेब्रल पाल्सी निकषांत बसली की चूक कोणाची हे न ठरवता तीन कोटी येन मिळतात, काही सुरुवातीला, बाकीचे वीस वर्षं हप्त्यांनी. शिवाय नक्की काय घडलं याचा अहवाल तयार होतो, तो पालकांनाही मिळतो. भांडण डॉक्टरांशी करावं लागत नाही.

तालुक्यातला गायनॅक:
अशी योजना आली तर पहिला हप्ता मी भरेन.

उषा_रत्नागिरी:
येईल तेव्हा येईल. बाळाचं काय चाललंय आत्ता? जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र) नेलंत का? तिथे थेरपी फुकट असते. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि निरामय विमाही काढून घ्या, वर्षाला लाखापर्यंतचे उपचार त्यात बसतात.

सासवडकर:
डीईआयसी चालू आहे ताई, आठवड्याला जातो. निरामय माहीत नव्हतं. वकीलसाहेब, फाईलची झेरॉक्स मिळाली, पण एनआयसीयूची (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) पानं त्यात नाहीत. तोंडी मागितली, 'सापडत नाहीत' म्हणाले.

काळा कोट:
तोंडी नको. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या नियमाने 72 तासांत द्यावी लागतात, आणि तीन वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे. तुम्हाला दीडच झालंय.