मदत हवी आहे: घरच्या साबणासाठी कॉस्टिक सोडा कुठे आणि कसा कालवावा?

नमस्कार मंडळी. खोबरेल तेलाचा साबण घरी करायचा आहे, तेल न शिजवता. हिशेब असा: ५०० ग्रॅम तेल, त्यातलं ५ टक्के साबण न होता तेलच मोकळं राहावं म्हणून साधारण ८७ ग्रॅम सोडा, आणि त्याच्या दुप्पट पाणी. चुकत असेल तर सांगा.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, त्यातून हायड्रोजन सुटतो, हे माहीत आहे. बाजूने बंद असलेला चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणलाय.

अडतंय ते जागेवर. सोडा पडताच पाणी भसकन तापतं, ८० अंशांच्या वरही जातं, आणि वाफेने घसा धरतो. स्वयंपाकघर एवढंसं. एक्झॉस्ट लावून खिडकीशी कालवलं तर चालेल, की बाल्कनीच बरी? तिथे वारा फार असतो. आणि भांडं स्टीलचं घ्यावं की तळाशी ५ आकडा असलेला (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिकचा डबा? काच तडकते, ती नकोच.

दुसरं, उरलेला सोडा. दाणे हुबेहूब साबुदाण्यासारखे दिसतात, आणि घरात लहान भाचा आहे! शिवाय पावसाळ्यात ते ओलावा ओढून पाझरतात. तुम्ही कशात, कुठे ठेवता?

सासूबाई म्हणतात, अंगावर उडाला तर व्हिनेगर लाव. मी वाचलंय की आधी भरपूर वाहतं पाणी, निदान १५-२० मिनिटं; व्हिनेगर फार तर ओटा पुसायला. ज्यांनी स्वतः केलाय त्यांनीच सांगा, प्लीज.