नवी मुंबईतला रबाळ्याचा कारखाना व्हिएतनामला गेला, दोष कामगारांचाच का?

ऐरोलीकर: 'युनियनने पगार फुगवले म्हणून उत्पादन व्हिएतनामला गेले, कामगारांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला', असे काल एका सदस्याने लिहिले. मी त्याच कारखान्यात २२ वर्षे फिटर होतो, म्हणून उत्तर देणे भाग आहे. शेवटच्या पंधरवड्यात आम्हीच साच्यांना ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ते लाकडी खोक्यांत भरले. खोक्यांवर हायफाँग बंदराचे नाव होते. एकाही साच्यावर ओरखडा येऊ दिला नाही. कामचुकार माणसे असे वागतात का?

हिशोबनीस: काल लिहिणारा मीच. आपले दुःख मान्य, पण हिशेब वेगळा आहे. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी (व्हिएतनाम त्यातच येतो) झालेला मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि अनेक वस्तूंवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरले. तयार माल न्हावा-शेवा बंदरात आपल्यापेक्षा स्वस्त उतरत असताना युनियनने दर तीन वर्षांनी कंपनीला नवे मागणीपत्र देणे कितपत शहाणपणाचे होते?

तुर्भेकर: तुम्ही दोघेही परमनंट माणसांबद्दलच बोलता. मी पॅकिंगला १४ वर्षे ठेकेदाराकडे होते. ठेकेदार तीनदा बदलला आणि प्रत्येक वेळी माझी नोकरी कागदावर नव्याने सुरू झाली. परमनंट कामगारांना वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची कायदेशीर भरपाई आणि वर तडजोडीची रक्कम मिळाली. आमचा गेटपास त्याच संध्याकाळी काढून घेतला. युनियन तेव्हा कुठे होती?

ऐरोलीकर: ताई, हा आरोप मी सहन करणार नाही! कंत्राटी कामगारांचा मुद्दा आम्ही दोनदा मागणीपत्रात घातला होता.

तुर्भेकर: आणि दोन्ही वेळा सही करताना तोच आधी सोडला.

हिशोबनीस: मूळ कारण कायद्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील तरतुदीनुसार १०० कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे, म्हणून मालक पटावरची माणसे कमी ठेवत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा ३०० केली, ते योग्यच झाले.

तुर्भेकर: मला कंपनीने ना १०० मध्ये मोजले, ना ३०० मध्ये मोजेल.

हिशोबनीस: एवढे मात्र मला खोडता येत नाही. पगारांबद्दलचे माझे मत कायम आहे.

ऐरोलीकर: ताई, शेवटच्या करारावर कमिटी सदस्य म्हणून माझीही सही आहे, ती चूक होती. डिस्पॅच चलनांच्या, म्हणजे माल बाहेर पाठवतानाच्या कागदांच्या, जुन्या प्रती माझ्याकडे आहेत, त्यांवर पॅकिंगच्या तुमच्या सह्या सापडतील, तोच तुमच्या कामाचा पुरावा. ठाण्याच्या कामगार कार्यालयात अर्ज करणार असाल, तर मी त्या घेऊन येतो.

तुर्भेकर: आम्ही ३१ जणी आहोत. सगळ्यांच्या सह्या शोधाव्या लागतील.