साठवणुकीत गुंतवणूक: उदंचन जलविद्युत की बॅटरी?

दख्खनी: सौर पॅनेल इतके स्वस्त झाले आहेत आणि लिलावात दर इतके खाली येतात, की निव्वळ वीजनिर्मितीत नफ्याला फारशी जागा उरलेली नाही. खरा प्रश्न दुपारची वीज संध्याकाळी कशी पुरवावी हा आहे, त्यामुळे पुढचा मोठा पैसा साठवणुकीत जाईल. त्यातही मी उदंचन प्रकल्पांच्या बाजूचा आहे. दुपारी पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की टर्बाइनमधून खाली सोडायचे, एवढेच त्याचे तंत्र. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून तेच करतो आहे. टाटा पॉवरने २०२३ मध्ये भिवपुरी (१००० मेगावॅट) आणि शिरवटा (१८०० मेगावॅट) या प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला, तो उगाच नव्हे.

मावळतीकर: असहमत. करार आणि चालू प्रकल्प यांच्यामध्ये वनपरवानगी, भूसंपादन आणि बोगद्यांचे खोदकाम असते. पश्चिम घाटात तर यातले काहीच वेळेवर होत नाही. तोवर बॅटरी आणखी स्वस्त होईल. बॅटरी प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, पाणी चढवण्या-उतरवण्यात वीस-पंचवीस टक्के वीज वाया जाते त्यापेक्षा तिच्यात कमी जाते, आणि केंद्राने २०२३ मध्येच बॅटरी साठवणुकीसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य मंजूर केले.

दख्खनी: बॅटरी स्वस्त होणे ग्राहकाच्या फायद्याचे आहे, आज महाग बॅटरी विकत घेणाऱ्या गुंतवणूकदाराच्या नव्हे. शिवाय सेल प्रामुख्याने चीनमधून येतात आणि दहा-पंधरा वर्षांत बदलावे लागतात. धरण-बोगदे पन्नास वर्षे टिकतात.

मावळतीकर: पन्नास वर्षे टिकणाऱ्या वस्तूवरचे कर्ज मात्र पहिल्या दिवसापासून फेडावे लागते, आणि बांधकाम रखडले तर व्याज भांडवलात मिसळत जाते.

भागधारक: आपण दोघेही तंत्राविषयी बोलत आहात, शेअर घेणाऱ्याचे काय? पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनने २००५ मध्ये ५१० रुपयांना शेअर विकले. परदेशी कंपन्या घेण्यासाठी तिने कर्ज काढले आणि २०१२ मध्ये परकीय चलनातील कर्जरोख्यांची परतफेड चुकवली. देशातील पवनऊर्जा या काळात वाढतच होती. बुडाले ते भागधारक. म्हणून मी आधी ताळेबंद उघडतो, जलाशय की बॅटरी हे नंतर पाहतो.

दख्खनी: ते मान्य, पण ताळेबंद चांगला असलेल्या कंपन्यांमध्येही निवड करावीच लागते. सलग सहा-आठ तास वीज हवी असेल तिथे आजच्या दोन-चार तासांच्या बॅटऱ्या पुरत नाहीत, आणि मी पैसे तिथेच लावीन.