पंपाच्या व्हीएफडीची दोन कोटेशनं: काल रात्रीची ग्रुपवरची चर्चा

सचिव: नमस्कार मंडळी. प्रेशर पंपांना व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवायची दोन कोटेशनं आली आहेत, फोटो वर टाकलेत. पंप तीन, प्रत्येकी ५.५ किलोवॅट, थ्री फेज. पहिल्याने जनरल पर्पज ड्राइव्ह दिलाय, दुसऱ्याने खास पंपाचा. पहिल्याची फीचरची यादी दुप्पट लांब आहे. रविवारच्या मीटिंगआधी मतं टाका.

बी-७०४: मग पहिलाच घेऊ की. सेन्सरलेस व्हेक्टर (सेन्सरशिवाय मोटरचा जोर सांभाळणारं कंट्रोल) आहे, एन्कोडर (मोटरचा स्पीड मोजणारा सेन्सर) कार्ड लावता येतं, ओव्हरलोड १५० टक्के. दुसऱ्याचा ११० वरच संपतो.

ए-३०२: अरे, ते १५० टक्के एका मिनिटापुरतं असतं आणि ते क्रशर, कन्व्हेयर, क्रेनला लागतं, जिथे पहिल्या क्षणालाच पूर्ण जोर हवा. आपला सेंट्रिफ्यूगल पंप सुरू होताना जवळजवळ भाराविनाच फिरतो. त्याला ११० पुष्कळ. एन्कोडर तर पंपाला कुणी लावत नाही.

ए-३०२: आणि किलोवॅट बघून तुलना करू नका. एकाच खोक्यावर हेवी ड्यूटीला ५.५ आणि नॉर्मल ड्यूटीला ७.५ असे दोन आकडे असतात. अँपिअर बघायचे. मोटरच्या नेमप्लेटवर ११ आहेत, ड्राइव्हचा आउटपुट करंट नॉर्मल ड्यूटीत, पंप रूमच्या तापमानाला, त्याहून थोडा जास्त हवा. ४० अंशांच्या वर बहुतेक ड्राइव्हची क्षमता घटते.

बी-५०१: काका, पहिल्यावाल्याने लिहून दिलंय की स्पीड ८० टक्के केला तर वीज निम्मी लागते. हे खरं असेल तर वादच कशाला?

ए-३०२: गणित खरं आहे, आपल्याला लागू नाही. पाणी स्पीडच्या प्रमाणात, दाब स्पीडच्या वर्गात, पॉवर घनात. ०.८ चा घन ०.५१, म्हणून निम्मी. पण हे कूलिंग टॉवरच्या पंख्याला किंवा बंद चक्रात पाणी फिरवणाऱ्या पंपाला. आपल्याला पाणी उंच चढवायचंय.

ए-३०२: आता आपला पंप घ्या. कर्व्हप्रमाणे ५० हर्ट्झला, म्हणजे पूर्ण स्पीडला, व्हॉल्व्ह बंद असताना ६० मीटर हेड (तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब) देतो. आपल्याला लाइनमध्ये साडेचार बार, म्हणजे साधारण ४५ मीटर कायम ठेवायचंय. ४० हर्ट्झ, म्हणजे ८० टक्के, केले तर ६० गुणिले ०.६४ (०.८ चा वर्ग), म्हणजे ३८ मीटर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडणारच नाही. पंप आतल्या आत पाणी घुसळत बसणार आणि तापणार. आपला सगळा खेळ ४३ ते ५० हर्ट्झमध्ये.

बी-५०१: म्हणजे वीज वाचणारच नाही? 🙄

ए-३०२: वाचेल, निम्मी नाही. आत्ता साडेतीन बारला पंप सुरू आणि पाच बारला बंद असा हिशोब आहे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त दाब आपण तयार करतो आणि नळांवर वाया घालवतो. तेवढं वाचेल. खरा फायदा दाब स्थिर राहण्याचा.

बी-१००१: आम्ही वरचे त्यासाठीच तर ओरडतोय! केसांना शाम्पू लावला की शॉवरची धार होते, तेवढ्यात पंप लागतो आणि परत फवारा.

ए-३०२: ताई, तुमच्यासाठीच पीआयडी लागतो. हेडरवर (तिन्ही पंपांच्या सामायिक पाइपवर) दाब मोजणारा प्रेशर ट्रान्समीटर, त्याचा ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नल ड्राइव्हला, ड्राइव्ह स्पीड सांभाळतो. दोन्ही कोटेशनांत पीआयडी आहे. फरक 'स्लीप'चा आहे आणि ती ओळ पहिल्याच्या लांबलचक यादीत नाही.

बी-७०४: स्लीप म्हणजे रात्री बंद राहणार?

ए-३०२: परवा रात्री अडीचला मी खाली जाऊन बसलो होतो (झोप येत नाही हल्ली). सगळी बिल्डिंग झोपलेली, तरी दर चार मिनिटांनी खट् करून कॉन्टॅक्टर ओढायचा, काटा साडेतीनवरून पाचवर, पंप बंद. कुणाचा तरी फ्लश टँक गळतोय. एवढ्याशा पाण्यासाठी व्हीएफडी रात्रभर ४३-४४ हर्ट्झवर पंप घुमवत ठेवेल. स्लीप असेल तर ड्राइव्ह ओळखतो की मागणी नाही, दाब किंचित वाढवून प्रेशर टाकी (हवेच्या दाबाखाली पाणी साठवणारी) भरतो आणि थांबतो. ठरलेल्या दाबाखाली आलं की उठतो.

बी-७०४: म्हणजे प्रेशर टाकी ठेवायचीच? मला वाटलं तेवढी जागा मोकळी होईल.

ए-३०२: टाकी हलवायची नाही. ती नसेल तर स्लीपला टेकायला काही नाही. उलट दर चार मिनिटांनी पंप लागतो म्हणजे टाकीतली हवा गेली असण्याचीही शक्यता आहे. आधी पाणी काढून हवेचा दाब मोजा, त्याला व्हीएफडी लागत नाही.

सी-१०१: मला त्यातलं काही कळत नाही, पण माझी बेडरूम पंप रूमच्या वर आहे. माहेरच्या सोसायटीत व्हीएफडी बसवल्यापासून रात्री शिट्टीसारखा आवाज येतो. इथे तसं झालं तर मी सहन करणार नाही, आधीच सांगते.

ए-३०२: वहिनी, ती शिट्टी कॅरिअर फ्रिक्वेन्सीची (ड्राइव्ह आत ज्या वेगाने करंट चालू-बंद करतो ती). २ किलोहर्ट्झला मोटर गाते, ८ च्या वर नेली की बरीच शांत होते. मात्र ड्राइव्ह जास्त तापतो आणि त्याची करंट क्षमता थोडी घटते. म्हणून तो अँपिअरचा आकडा ८ किलोहर्ट्झचा मागायचा.

सचिव: नोंदवलं. एक ड्राइव्ह की तीन? पहिल्याने एकच दिलाय, बाकी दोन पंप थेट लाइनवर.

ए-३०२: तीन. एकच असेल आणि तो ट्रिप झाला तर पुन्हा आजच्याच जागी. शिवाय दुसरा पंप थेट ५० हर्ट्झवर लागताना दाबाला झटका बसतो, वरच्या ताईंना लगेच कळेल. तिन्हींनी आळीपाळीने पुढे राहावं, एक बंद पडला तर उरलेल्यांनी सांभाळावं, हे दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये आतच आहे.

बी-५०१: मॉडबस (ड्राइव्हचे आकडे बाहेर पाठवणारी जोडणी)? मोबाइलवर दिसेल म्हणतात.

ए-३०२: दोघांकडे आहे. बघणार कोण? पुढे चला.

ए-३०२: दोन्ही कोटेशनांत चोकचा (करंट सौम्य करणाऱ्या कॉइलचा) उल्लेख नाही, ते विचारा. साधा सिक्स-पल्स ड्राइव्ह लाइनमधून पाचवी आणि सातवी हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतल्या नको त्या लहरी) ओढतो, २५० आणि ३५० हर्ट्झ. आत डीसी चोक किंवा बाहेर एसी लाइन चोक हवाच. आणि पंप रूम दमट आहे, तेव्हा आयपी २० चा (पाण्यापासून संरक्षण नसलेला) ड्राइव्ह भिंतीवर उघडा नको.

सी-२०३: सर, एक शंका. सध्याच्या पॅनेलमध्ये मोटरला जोडलेले कपॅसिटर आहेत, पॉवर फॅक्टरसाठी. ते तसेच ठेवणार का? दोघांच्याही ड्रॉइंगमध्ये काढल्याचं दिसत नाही.

ए-३०२: शाब्बास! मी हेच बघायचं विसरलो होतो. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर चालत नाहीत, आतले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतात. काढायचेच, आणि कोण काढणार ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

सचिव: म्हणजे दोघांना एकच पत्र पाठवतो: ८ किलोहर्ट्झला करंट, स्लीप, तीन ड्राइव्ह, चोक, कॅबिनेटचं आयपी, कपॅसिटर. अजून काही?

ए-३०२: ड्राइव्ह बंद पडला तर थेट लाइनवर जायचा बायपास, तोही मेकॅनिकल इंटरलॉकसह (दोन्ही जोडण्या एकाच वेळी लागू न देणारा अडसर). मेन सप्लाय चुकून आउटपुटला गेला तर ड्राइव्ह संपला. आणि पॅनेलवर मोठ्या अक्षरांत लावा की स्विच बंद केल्यावरही पाच मिनिटं आत हात घालायचा नाही, डीसी बसमध्ये (ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये) पाचशेच्या वर व्होल्ट उरलेले असतात.

बी-७०४: काका, यादी लांब म्हणून मी पहिला म्हणालो होतो 🙏

ए-३०२: त्या यादीतलं निम्मं गिरणीला लागतं बाबा. उद्या सकाळी सातला खाली ये, टाकीतली हवा मोजू. टायरचा गेज आण.

बी-१००१: सातला नको हं, माझी अंघोळ असते.

ए-३०२: बरं, साडेआठ.